मार्क कापा, नाव नाही

नंदिनीताई नगराळे पहिल्यांदा वर्गात आल्या तेव्हा पोरांना वाटलं, कुणाची तरी आई फी भरायला आली. ताईंनी पहिल्या बाकावर डबा ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मीच हाव विद्यार्थी. मले पाहू नोका, फळ्याकडं पाहा."

आर्वीजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका. सकाळी लेकरं सांभाळायची, दुपारी एसटीनं कॉलेजात यायचं. सेविकांचा मोर्चा निघाला की या सगळ्यांत पुढे. घाबरायचं कसं हे त्यांना लहानपणी कुणी शिकवलं नाही, आणि आता शिकायची त्यांना हौस नव्हती. मी त्यांना संशोधन पद्धती शिकवायचे. तासिका तत्त्वावरची बाई मी, म्हणजे वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांची मर्जी राहिली तर पुढच्या वर्षी तास.

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात संशोधन प्रकल्प लिहावा लागतो. ताईंनी विषय घेतला आपल्या भागातले पाळणे. पहिला खर्डा आणला, त्याच्या शेवटच्या पानावर एवढंच: 'संदर्भ : गूगल, यूट्यूब.' आमचा विभाग वर्षानुवर्षं याच दोन खुंट्यांवर टांगलेला आहे, त्यात ताईंचा काय दोष?

"ताई, तुम्हाला कुणी गाव विचारलं तर 'एसटी स्टँड' असं सांगता का?" मी म्हटलं. "गूगल म्हणजे स्टँड. गाणं कुणाचं, ते कुणी टाकलं, केव्हा टाकलं, दुवा काय, तुम्ही केव्हा पाहिलं, हे सगळं लिहायचं."

"मंग हे पहिलेच सांगाचं ना, मॅडम!" म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

त्यांच्या यादीत 'नीज वो लेकी' नावाचा एक पाळणा होता. एका मोठ्या चॅनलवर तो लाखो लोकांनी पाहिलेला. खाली लिहिलेलं, 'पारंपरिक वऱ्हाडी पाळणा'. ताईंना आवाज ओळखीचा वाटला. विचारत विचारत त्या शेजारच्या गावी तानाबाई थूल यांच्या दारात पोचल्या. म्हातारीचा नातू अनुप, त्यानं फार आधी आपल्या मोबाइलवर आजीचं गाणं टिपून स्वतःच्या चॅनलवर टाकलं होतं. त्यात सुरुवातीलाच तानाबाई ठणकावून सांगतात, "मी तानाबाई थूल. हे गाणं मी माह्या लेकीसाठी जुळवलं." मोठ्या चॅनलनं नेमकं तेवढंच कापलं, वर आपला शिक्का मारला आणि गाणं परंपरेच्या नावावर करून टाकलं.

"माह्यं नाव कायले पायजे पुस्तकात?" तानाबाई म्हणाल्या. "लेकरं निजते ना? झालं."

"नाई आजी. पायजे म्हंजे पायजे."

ताईंनी दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहिल्या. आधी तानाबाई, अनुपचं चॅनल, तारीख, दुवा. खाली मोठं चॅनल, त्याची तारीख, दुवा. टीका नाही, टिप्पणी नाही. तारखा वाचल्या की कुणी कुणाचं घेतलं ते शेंबड्या पोरालाही कळावं.

ते विभागप्रमुख प्रभाकररावांनाही कळलं, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. सरांनी गेल्याच वर्षी याच पाळण्यावर लेख छापला होता. अनाम लोकप्रतिभा वगैरे. संदर्भ अर्थात मोठ्या चॅनलचा.

"वरची नोंद काढा," सर म्हणाले. "या पोराच्या चॅनलला कुत्रं विचारत नाही. हा काही प्रमाण स्रोत नाही. 'पारंपरिक' लिहा."

"पारंपरिक म्हंजे बेवारस का सर? बाई जित्ती हाय. परवा चहा पाजला तिनं मले."

"मग सही होणार नाही. प्रकल्प जमा करायचा आज शेवटचा दिवस आहे. वर्ष जाईल तुमचं."

"मार्क कापा सर, जेवढे कापाचे तेवढे. नाव नाई कापू देणार."

माझं डोकं तडकलं होतं. "नोंद बरोबर आहे सर, मीच शिकवली," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षीचे तास तिथंच गेले. जाऊ देत.

ताई शांतपणे बाहेर आल्या आणि सरांच्या दारासमोरच्या बाकावर बसल्या. डबा उघडला. मोबाइल काढला, आवाज वाढवला आणि अनुपचा व्हिडिओ लावला. "मी तानाबाई थूल. हे गाणं मी माह्या लेकीसाठी जुळवलं." संपला की पुन्हा. शिपाई कवडू दोनदा समज द्यायला आला आणि तिसऱ्यांदा गुणगुणत गेला. पोरं जमली. "कोनाचं गाणं हाय वो मावशी?" असं कुणी विचारलं की ताई नुसतं दाराकडे बोट दाखवायच्या, "सरायले विचार." आत फोनवर बोलणाऱ्या सरांना पलीकडच्यानं विचारलं म्हणे, तुमच्याकडे बारसं आहे का?

शेवटी दार उघडलं. "बंद करा ते!" सर ओरडले आणि तिथंच उभ्या उभ्या सही केली.

मार्क त्यांनी कापलेच, हात आखडता न घेता. ताई तरी पास झाल्या.

प्रकल्पाची बांधलेली प्रत घेऊन आम्ही दोघी तानाबाईंकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. ताईंनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. म्हातारीनं ते बराच वेळ उचललं नाही. मला रडू आलं, सांगायला कसली लाज?

मग बोट हळूच खालच्या ओळीवर आलं. "अन् हे कोन?"

"ज्यानं तुमचं नाव कापलं ना, तो."

"त्याचं बी लिवलं तू?"

"लिवा लागते आजी. त्याचंही मी पाह्यलं होतं. त्यानं केलं तसं आपुन नाई कराचं."

तानाबाईंनी पुस्तक मिटलं आणि ताईंच्या हातात दिलं.

"मंग हे त्याले बी एक डाव दाखवजो," त्या म्हणाल्या.