कॉफीच्या चोथ्यातल्या काळ्या काड्या

हिंजवडीच्या कंपन्यांत शिकलेली माणसं बसतात म्हणे. मग कॉफीचा चोथा एका डब्यात आणि प्लॅस्टिक दुसऱ्या डब्यात, एवढं एकालाही कसं जमत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं घर चऱ्होलीतलं. शेत बिल्डरला गेलं. चाकणला नवऱ्याच्या कंपनीतली लाइन बंद पडली, तशी त्याची नोकरीही गेली. मग घरामागच्या शेडमध्ये आम्ही एक जुनं मशीन टाकलं. हिंजवडीच्या एका कंपनीतून कॉफीचा चोथा आणायचा, वाळवायचा, चाळायचा, लाकडाचा भुसा मिसळून मशीनमध्ये दाबायचा, की भट्टीत जाळायच्या कांड्या तयार. चाकणच्या एका कॅन्टीनवाल्याने कबूल केलं होतं, दसरा झाला की ट्रायल घेतो, नीट जळल्या तर ऑर्डर कायमची तुमची. नाही जमलं तर नवऱ्यासाठी एकच काम शिल्लक होतं. आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत वॉचमन! नुसता विषय निघाला तरी तो ताटावरून उठायचा.

खंडेनवमीला सासऱ्यांनी मशीन धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घातली. फावडं, घमेली, चाळण, सगळं पूजेला मांडलं. आमच्याकडे पूजेतलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत उचलत नाहीत. नेमका त्याच दिवशी हिंजवडीचा टेम्पो आला. पोती उपडी केली तर आत कॉफी ढवळायच्या काळ्या प्लॅस्टिकच्या काड्या, साखरेच्या पुड्या, कपांची झाकणं! दर खेपेला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

"मामंजी, चाळण घेऊ का?" मी विचारलं.

"पूजेतली? न्हाई म्हंजी न्हाई," सासरे म्हणाले. "हातानं निवड की, सूनबाई."

चोथा वाळेपर्यंत मी उन्हात बसून निवडत राहिले. मोठ्या काड्या निघाल्या. पण काळ्या चोथ्यात काळ्या काडीचा तुकडा दिसणार कसा, कप्पाळ? दसऱ्याला सोनं वाटून झालं. ट्रायल दुसऱ्याच दिवशी, आता चाळत बसायला वेळ नव्हता, म्हणून नवऱ्याने थेट मशीन चालू केलं. कांड्या अगदी देखण्या पडल्या. तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या भट्टीत त्याच कांड्यांनी आधी छान धग धरली. मग काळाकुट्ट धूर सुटला, प्लॅस्टिक जळाल्याचा घाण वास. पोळ्या लाटणाऱ्या बाया खोकत बाहेर पळाल्या.

"इथं माणसं जेवतात, राव," कॅन्टीनवाला ओरडला. "उचला हे सगळं. परत येऊ नका."

पेटत्या कांड्यांवर पाणी मारून नवऱ्याने त्या पोत्यात भरल्या.

माझं डोकं फिरलं. निवडलेल्या काड्यांची पिशवी घेऊन तडक हिंजवडी गाठली आणि तिथल्या मॅनेजरच्या टेबलावर उपडी केली. त्याने आधी लॅपटॉप उचलला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही चाळून का नाही घेतलं?"

चाळून! आम्ही चाळण पूजेला लावली तो गुन्हा, आणि शेजारी दुसरा डबा असताना यांनी काड्या कॉफीत फेकल्या ती काय पुण्याई? मी हे त्याच्या तोंडावर बोलले.

"वर कळवतो," तो म्हणाला.

बाहेर पडताना भिंतीवर भलामोठा फोटो दिसला. माझा नवरा, दोन्ही हातांत कांड्या, तोंडभर हसतोय. यांचं कोणी कधी शेडवर येऊन काढून गेलं, देव जाणे. खाली लिहिलं होतं, आमच्या कॉफीचा कणही वाया जात नाही.

"हा आधी खाली काढा," मी म्हणाले.

"आत्ता नाही जमणार, ताई. पुढच्या आठवड्यात परदेशातून पाहुणे येणारेत."

पाहुणे आले त्या दिवशी माझा नवरा आमच्या विहिरीच्या जागी उभारलेल्या गेटवर होता, आत जाणाऱ्या गाड्यांना सलाम करत.