वन्संनी सोडवलेला वड

कुसगावात दूध घालणाऱ्या नामदेवभाऊंचा फोन आला, तेव्हा मी चहात आलं किसत होते. "मावशी, कवाधरनं कडी वाजवतुया, आक्का दार उघडीनात. तुमी या बरं हिकडं." आक्का म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. साऱ्या गावाच्या आक्का, माझ्या एकटीच्या वन्सं. रिक्षात बसताना मी यांना म्हटलं, "कानातलं यंत्र काढून ठेवलं असेल, दुसरं काय!" यांनी खिशातली वन्संच्या घराची किल्ली चाचपून बघितली... दार उघडलं तर वन्सं कुशीवर, हात गालाखाली, कपाळावर ती नेहमीची आठी. झोपेतच गेल्या होत्या. मला मात्र वाटलं, आता डोळे उघडतील आणि म्हणतील, "घाईघाईत गॅस चालू ठेवून आली नाहीस ना?" चालू ठेवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना बोलायला जागा ठेवली नव्हती, आणि ऐकायला त्याच नव्हत्या.

आता काही आठवडे झाले. लोक येतात, वन्संच्या नर्सच्या नोकरीबद्दल बोलतात. त्यांच्या हातावर जन्मलेली मंडळी आता नातवंडं घेऊन येतात. मी सगळ्यांना हो हो म्हणते, पण डोळ्यांसमोर येतो तो आमच्या मागच्या गॅलरीतला वड. वीतभर उंचीचा, पसरट कुंडीत उभा असलेला बोन्साय. त्याची गोष्ट सांगायची तर आधी माझी तरुणपणची अब्रू चव्हाट्यावर आणावी लागेल. तर आणते. या वयात ती फारशी उपयोगाची उरलेली नाही.

नवी नवरी होऊन लोणावळ्यात आले, तेव्हा मी स्वतःला फार वरची समजत असे. वटपौर्णिमेला भर पावसात, चिखल तुडवत, नारायणपेठी वर धरून वडापर्यंत जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. पुण्याच्या एका प्रदर्शनात हे बुटकं झाड पाहिलं आणि मला युक्ती सुचली. वडालाच घरी आणायचं! टीपॉयवर ठेवलं, भोवती रांगोळी काढली, आणि आळीतल्या बायका आमच्याकडेच पूजेला येऊ लागल्या. मी मिरवत असे, जणू वडाचा शोध मीच लावला. अडचण एकच, सुती दोऱ्याला आमच्या दमट हवेत बुरशी धरायची, पंधरवड्यात कुजून गळायचा. मी विचार केला, सात जन्म टिकायला हवं तर दोरा पक्का नको? म्हणून तंगूस आणला, मोत्यांच्या माळा ओवतात तो नायलॉनचा दोरा. दरवर्षी त्याचे फेरे घालायचे, करकचून गाठ मारायची आणि जुने मुळीच काढायचे नाहीत. सोडले तर यांचं आयुष्य सैल होईल, असं माझ्या शहाण्या डोक्यात होतं. वन्संनी लग्न केलेलं नव्हतं. त्या एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "निमे, सातही जन्म हाच? एखाद्या जन्मी तरी रजा घे." मी महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होते.

पुढे मुलं झाली, टीपॉयवर त्यांची दप्तरं आली आणि वड गॅलरीत गेला. मग गच्चीवर. मग टाकीच्या मागे. माझे गुडघे धरले तसं मी जिना चढणं सोडलं आणि वडाला विसरले. आठवला तो यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात. हे घरी येऊन पडले होते, भिंतीसारखे पांढरे. त्यांच्या देखभालीला वन्सं आल्या होत्या. वळवाची एक सर पडली आणि छतातून पाणी टपकू लागलं, म्हणून त्या वर गेल्या, आणि वरून हाक आली, "निमे! हे काय करून ठेवलंयस गं?" कुंडी फुटून मुळं थेट पावसाळी पाइपात शिरली होती. पानं तळहाताएवढी, फांद्या भलतीकडे. आणि खोडाच्या मधोमध, माझे दोरे जिथे होते तिथे, खोलवर घळ. साल दोऱ्यांवरून वाढून त्यांना आत गिळून बसली होती. वरचा भाग सुजलेला, खालचा वाळकुडा.

नामदेवभाऊंनी करवतीने मुळं कापून झाड खाली आणलं. वन्संनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा चढवला, चिमटा आणि पातं गरम पाण्यात उकळून घेतलं आणि घळीतून एकेक दोरा उपसायला लागल्या. पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला. मी ओरडले, "वन्सं, रक्त येतंय हो!"

"चीक आहे तो. ओलं फडकं दे आणि तोंड मिट."

आतल्या खोलीतून यांचा क्षीण आवाज आला, "आक्का, काय चाललंय?"

"तुझे सात जन्म सोडवतेय. झोप तू."

मी हसले नाही. आज सांगायला हरकत नाही, माझी बोबडी वळली होती. दोरा निघाला की हे जाणार, असं मला आत कुठेतरी ठाम वाटत होतं, बी.ए. झालेली असूनही. त्यात वन्संनी करवत उचलली. जवळजवळ सगळा शेंडा काढायचा, एकच आडवी फांदी ठेवायची, मुळं निम्मी छाटायची आणि राहिलेलं प्रत्येक पान खुडायचं, असा त्यांचा बेत. मी करवत धरली. "तिकडे हे असे पडलेत आणि तुम्ही..." वन्संनी करवत खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. "तो तुझा नवरा व्हायच्या आधीपासून माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. "मला काय त्याची भीती वाटत नाही? पण मुळं थोडी उरलीत, एवढा पसारा त्यांना पोसवणार नाही. आज कापलं नाही तर हे नक्की मरेल. सोड."

मी सोडली.

मग नव्या कुंडीत उरला नुसता खुंट आणि एक बोडकी फांदी. टाकव्याच्या रानातला मुरूम, थोडं शेणखत, कापलेल्या जागांवर हळदीचा लेप. रोज उजाडताच मी आधी गॅलरीत जाऊन खुंट बघायची, मग खोलीत येऊन यांचा श्वास. एकदा हे डोळे मिटूनच म्हणाले, "आधी मला बघत जा की गं. मी पण तसाच छाटलेला आहे." वन्संना हे कळलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दोन पेशंट आहेत. एकाचा ताप दुसऱ्याला लावू नकोस." मला ते पटलं, पण सवय गेली नाही. आणि मग एका सकाळी खुंटाच्या टोकाला तांबूस टोपी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. मी यांना हाताला धरून गॅलरीत आणलं. आजारपणात ते एवढं चाललेच नव्हते. वन्सं मागून ओरडत होत्या, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं एका कळीपुढे उभी होतो, देवळात उभी राहावीत तशी.

पण खरी थक्क झाले ते पुढच्या पावसाळ्यात. दिवसच्या दिवस धुकं गॅलरीत मुक्कामाला असायचं. एके दिवशी वन्संनी मला बोलावलं आणि भिंग हातात दिलं. घळीच्या वरच्या काठावरून पांढरी, ओलसर टोकं बाहेर आली होती. पारंब्या! बरोबर जिथे मी वर्षानुवर्षं आवळलं होतं तिथूनच, चारी बाजूंनी. मी विचारलं, "इथूनच कशा हो?" "पानांनी केलेला रस सालीतून खाली उतरतो. इथे वाट बंद, मग तो इथेच साचला. आता बाहेरून उतरतोय." एवढं सरळ सांगून त्या शहाळ्याच्या नळ्या आणायला गेल्या. नळ्या उभ्या चिरून, कुसगावातल्या कुंपणावरचं ओलं शेवाळ त्यात भरून, एकेक पारंबी त्यातून मातीपर्यंत नेली. शुश्रूषा कशी करतात हे मी त्या महिन्यांत पाहिलं. पारंब्या मातीत शिरल्या, जाड झाल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि काही वर्षांत ती घळ त्यांच्या आड गेली. आज बघणाऱ्याला वाटतं, डोंगरातला कुठला तरी पुराणा वड दुरून दिसतोय. मला त्याच्याकडे बघताना अजून बोलायला सुचत नाही, आणि मला न सुचणं ही आमच्या घरात बातमी असते. एकदा मी भारावून म्हणाले, "वन्सं, केवढं शिकवतं हो झाड!" त्या म्हणाल्या, "त्याला कुणाला काही शिकवायचं नसतं. त्याला पाणी हवं असतं. घातलंस का?"

शेवटच्या आल्या त्या या ज्येष्ठात. डावीकडची एक फांदी सारखी वर पळत होती. त्यांनी तिला तार गुंडाळली आणि दोन्ही अंगठे लावून हळूहळू खाली आणली, मधेच थांबत, कान देत, जणू ती कुठे दुखतंय ते सांगेल. "खाली सावली पडायला जागा हवी," म्हणाल्या. मग उठताना, "पावसात फांदी भराभर जाड होते. रुतायच्या आत तार काप. उलगडत बसू नकोस, तुकडे कर. तुझी खोड मला माहितीये."

माहिती होतीच. परवा हे म्हणाले, "तार रुतायला लागलीय." मला दिसत होतं, मी बघत नव्हते. त्या तारेचा एकेक वेढा वन्संच्या बोटांनी बसवलेला. त्यानंतर त्या बोटांनी या घरात काही केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे की पंधरा दिवस." हे उठले. पक्कड आणून माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी बसले.

मी कापली. एकेक तुकडा कागदावर पडत गेला. सालीवर पुसट वळसे उठले होते, पण जखम नव्हती. शेवटचा तुकडा निघाला तसा मी हात काढून घेतला आणि फांदीकडे बघत बसले. आता ही फांदी उसळणार, पूर्वीसारखी वर जाणार, आणि वन्सं गेल्या हे मग खरंच होणार... फांदी हलली नाही. वन्संनी आणून ठेवली होती तिथेच राहिली. बाहेर जरा उघडलं होतं. त्या फांदीखाली, शेवाळावर, बोटभर सावली पडली होती.