चारशे ऐंशी पाकिटं, चारशे ऐंशी खडे

लालबागला आमच्या मसाल्याच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे. तिथे आम्ही सात बायका काम करतो. मिरच्यांची देठं काढायची, धणे निवडायचे, खडा मसाला भाजायचा आणि कुटून आलेला मसाला पाकिटात भरायचा. माझं काम सगळ्यात शेवटचं. पाकिटाचं तोंड पायाने दाबायच्या मशीनवर बंद करायचं. ते मशीन भिंतीला लागून आहे, म्हणूनच मी ते मागून घेतलं. भिंतीशी बोलावं लागत नाही. बाकीच्या सहाजणी दिवसभर बोलतात, मी ऐकते. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. तोंड उघडलं की सांगायचं असतं ते सोडून भलतंच बाहेर येतं.

आमचे मालक लवंग झांजीबारहून मागवतात. ते टांझानिया देशाचं बेट आहे. तिथली एक बाई बरीच वर्षं आम्हाला लवंग पाठवते. धिप्पाड, मोठ्या आवाजाची, अंगावर दोन रंगीत कापडं गुंडाळलेली. एकदा ती मुंबईला आली तेव्हा दुकानात आली होती. सगळ्यांशी हात मिळवत ती मागच्या खोलीत शिरली आणि मी मिरचीच्या गोणींमागे जाऊन बसले. मालकांनी तिला घरी जेवायला नेलं. मालकांच्या आईने केलेलं बांगड्याचं तिखलं तिने दोनदा मागून खाल्लं आणि हात धुवायच्या आधीच म्हणाली, हा मसाला मला माझ्या दुकानात पाहिजे.

असा तो व्यवहार ठरला. त्यांच्या देशाची लवंग आमच्याकडे, आमचा मसाला त्यांच्या देशात.

आमच्यातली सगळ्यात मोठी म्हणजे काकी. सावंतवाडीकडची, सत्तरीची, धणे निवडणारी. ती मालकांना म्हणाली, "म्हणजे तिचीच लवंग भाजून तिकाच इकूची?"

मालक म्हणाले, "काकी, त्यालाच आयात-निर्यात म्हणतात."

पहिली ऑर्डर वीस खोक्यांची होती. एका खोक्यात चोवीस पाकिटं, म्हणजे चारशे ऐंशी. मालकांनी पाकिटावर इंग्रजीत छापून घेतलं, आत काय काय आहे ते ओळीने. कसले कसले कागद केले, शिक्के आणले. आम्हाला डोक्याला घालायच्या जाळीच्या टोप्या दिल्या. त्या घालून आम्ही एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की मालकांनी अर्धा तास काम बंद ठेवलं.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे वर्षाचा मसाला करून बरणीत भरला की वर हिंगाचा खडा ठेवतात. मग मसाल्याला कीड लागत नाही, जाळी धरत नाही. माझ्या सासूबाई तीन खडे ठेवायच्या, तळाला एक, मधे एक, वर एक. आमच्या दुकानातही गिऱ्हाईकाला मसाल्याबरोबर हिंगाची पुडी देतात, ती न मागता मिळते. पण पाकिटावर छापलेल्या नावांत हिंग नव्हता, कारण हिंग आमच्या मसाल्यात नसतोच. तो मसाल्यावर असतो. राखणीला.

पाकिटं बंद करताना माझ्या लक्षात आलं की या मालाला राखण नाही. आमचा मसाला लालबागहून परळला जायचा तरी हिंग घेऊन जातो, आणि हा महिनाभर समुद्रातून जाणार, बंद डब्यात, उकाड्यात. मालक कागदांच्या गडबडीत विसरले असणार. आठवण करून द्यायची तर सगळ्यांसमोर जाऊन बोलायला हवं. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाला चूक दाखवायची म्हणजे त्यांनाही लाज. म्हणून मी त्यांची लाज राखली. गल्ल्याशेजारच्या हिंगाच्या डब्यातून खडे आणले, तुरीच्या दाण्याएवढे फोडले आणि एकेका पाकिटात एकेक टाकून मशीन दाबलं. कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक डबा उलटा करून बघत होते. "अरे, हिंग कोण खातंय? उंदीर हिंग खायला लागले काय?" मला मनातून फार बरं वाटलं. काम चोख झालं होतं.

सव्वा महिन्याने सकाळी मालक मागच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिकडच्या बंदरावर माल तपासणाऱ्या साहेबाने पाकीट फोडलं, तर आत एक दगड. दुसरं फोडलं, त्यातही एक. अशी दहा पाकिटं फोडली.

"एखाद्यात निघाला असता तर म्हटलं असतं चुकून पडला," मालक म्हणाले. "प्रत्येकात एक! मोजून! तो साहेब विचारतोय, ही काय भानगड आहे? दगड आहे की नशेचं काही आहे?"

आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नाही पटलं तर माल जाळणार. आणि तसं झालं तर परदेशाचं काम कायमचं बंद. मालक आमच्याकडे न बघता म्हणाले, "मग ही खोली मला ठेवायला परवडणार नाही. कुरिअरवाला कधीपासून मागतोय."

सात बायकांच्या हातातलं काम थांबलं.

मालकांनी काकीला विचारलं, "काकी, धणे तुम्हीच निवडलेत ना?"

काकीने सूप खाली ठेवलं. "माझ्या हातसून खडो जायत नाय. माका अजून चष्मो नाय. तुझ्या लग्नातले तांदूळ पण मीच निवडलेले, लागलो काय कोणाच्या दाताखाली?"

"तसं नाही काकी, पण दगड धण्यातूनच येतो ना?"

"मोजून येता? एकेका पाकिटात एक? धणो काय शाळेत गेलोलो?"

सगळ्या हसल्या, पण काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जाळीची टोपी काढून ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. मी तोपर्यंत मशीनकडे बघत होते. माझा पाय आपोआप मशीन दाबत होता, आत पाकीट नव्हतं.

मी उठून गल्ल्यापाशी गेले. मालकांनी वर बघितलं. मी म्हणाले, "पिण्याचं पाणी भरलं का?" ते म्हणाले, "भरलं." मी परत आले.

दुसऱ्यांदा गेले. म्हणाले, "आज गरम होतंय." मालक म्हणाले, "पंखा लावा."

तिसऱ्यांदा मी काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेले. मालकांसमोर फोन होता. तिकडून आलेला त्या दगडाचा फोटो त्यावर उघडा होता, काचेच्या ताटलीत एक पिवळट तपकिरी खडा. मी हिंगाच्या डब्यातून तेवढाच खडा काढला आणि फोटोशेजारी ठेवला.

मालकांनी फोटोकडे बघितलं, खड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कुठे मिळालं?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"हिंगाच्या."

मालकांनी खडा उचलून हुंगला. मग हळूच म्हणाले, "सगळ्या चारशे ऐंशीत?"

मी मान हलवली. ते रागावतील म्हणून मी तयार होते. पण त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि एवढंच विचारलं, "आणि मी उंदीर पकडायचा पिंजरा आणला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मशीनवर."

दुपारी तिकडे फोन लावला, एकमेकांची तोंडं दिसतात तसा. मालकांनी फोन वजनकाट्याला टेकवून उभा केला. पलीकडे ती लवंगवाली बाई आणि पांढऱ्या कोटातला तपासणीचा साहेब. साहेब वयाने लहान होता, पण कपाळाला आठ्या. मालकांनी मला बाजूला उभं केलं आणि मागे सगळ्या बायका. काकी सगळ्यात पुढे, कारण आळ तिच्यावर होता.

मालक म्हणाले, "नॉट स्टोन, सर. हिंग."

साहेब म्हणाला, "व्हॉट?"

हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात ते मालकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते दुसऱ्या फोनमध्ये शोधलं. हा एवढा लांब शब्द निघाला. मालकांनी तो तीन वेळा तीन प्रकारे वाचला. साहेबाला तिन्ही कळले नाहीत. लवंगवाल्या बाईने आपल्या भाषेत काही विचारलं, मालकांनी हिंदीत उत्तर दिलं, साहेबाने घड्याळ बघितलं. काकी फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "अरे बाबा, हिंग! हिंग!" जणू मोठ्याने सांगितलं की टांझानियात कळतं.

साहेब कागद गोळा करायला लागला. तो उठला की खोली गेली, हे मला दिसत होतं. मला बोलता येत नव्हतं, पण एक गोष्ट येत होती. मसाला भाजायची लहान कढई शेगडीवर तशीच होती. मी ती शेगडीसकट आणली, दोन चमचे तेल घातलं, तापलं तेव्हा खडा त्यात सोडला. तो तुरीएवढा खडा तेलात गरगर फिरला आणि फुलून हरभऱ्याएवढा झाला. मी झाऱ्याने उचलून फोनसमोर धरला. मग बोटाने दाबला, चुरा झाला.

"दगड फुलत नाही," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, पण म्हणाले.

लवंगवाल्या बाईने साहेबाचा हात धरून त्याला खाली बसवलं. त्यांच्याकडे तपासणीची कसली तरी विजेची शेगडी होती. तेल कुठून आणलं देव जाणे, पण पाच मिनिटांत त्यांचाही खडा तेलात पडला. आमच्याकडे फोनमध्ये वास येत नव्हता, पण साहेब दोन पावलं मागे सरकला आणि त्याने नाकावर हात धरला, त्यावरून वास पोचला ते कळलं. बाईने मात्र नाक भांड्यावर नेलं, डोळे मिटले आणि एकदम ओरडली, "म्वुजे!"

मग ती इतकी हसली की फोन हलला. "म्वुजे! म्वुजे!" आम्ही सगळ्या घाबरून बघत राहिलो. तिने दोन हातांत बाळ धरल्यासारखं केलं, बाळाच्या गळ्यात काहीतरी दोऱ्याने बांधल्यासारखं केलं, मग डोळे मोठे करून वाईट नजरेने बघणारी बाई करून दाखवली आणि हाताने तिला हाकललं.

"नजर!" काकी म्हणाली. "अगो, तेंच्यात नजर लागू नये म्हणून हिंग बांधतत!"

मला इतका आनंद झाला की मी लाजायचं विसरले. मीही बाळ धरलं, त्याचं पोट फुगलंय असं दाखवलं, आणि बेंबीवर हिंगाचं पाणी चोळलं. तिने जोरजोरात मान हलवली. त्यांच्याकडेही पोटदुखीला तेच असावं, कारण तिने बाळाच्या बेंबीवर बोट फिरवून, बाळ वारा सोडतं तसा तोंडाने आवाज काढला. सातही बायका लोळायच्या बाकी राहिल्या. मालक मधे इंग्रजी घेऊन उभे होते, त्यांना कोणी विचारलं नाही.

मग बाई साहेबाकडे वळली आणि काहीतरी फार लांब बोलली. त्यात एकदा त्याच्या गळ्याकडे बोट केलं. साहेब खाली बघायला लागला. माझी खात्री आहे, त्याच्याही आईने बांधला होता.

पण साहेब तो साहेबच. तो म्हणाला, दगड नाही हे मान्य. पण पाकिटावर लिहिलेलं नाही ते पाकिटात असायचं नाही. चारशे ऐंशी पाकिटांवर चिठ्ठी चिकटवा, मग माल सोडतो. आणि हा हिंग कुठल्या देशाचा, तेही लिहा.

"काबूलचा," मालक ओशाळून म्हणाले. फोन ठेवल्यावर ते स्वतःशीच मोजायला लागले. "लवंग त्यांची, मिरची कर्नाटकातली, हिंग काबूलचा. मग या मसाल्यात आपलं काय?"

"आळ," काकी म्हणाली. "तो तेवढो माझो."

मालकांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि जाळीची टोपी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी उलटी होती, पण तिने राहू दिली.

तिकडे त्या बाईने दोन दिवसांत चिठ्ठ्या चिकटवून माल सोडवला. पुढच्या महिन्यात चाळीस खोक्यांची ऑर्डर आली. खोली राहिली, कुरिअरवाल्याने दुसरीकडे जागा बघितली. हिंग हवाच म्हणून तिने लिहिलं होतं. त्याबरोबर साहेबाचं पत्र होतं. प्रत्येक पाकिटात खडा सारख्या वजनाचा पाहिजे, आणि ते वजन छापलेलं पाहिजे.

हिंग कधी सारखा फुटतो का? मी आयुष्यात वजन करून हिंग फोडला नव्हता. मालकांनी सोनाराकडे असतो तसला चिमुकला काटा आणला. आता सहाजणी फोडतात, एकजण तोलते, आणि येताजाता मला शिव्या घालतात. "हिच्या राखणीने आम्हाला सोनार केलं." "गप बसणारी बाई फार वाईट, गुपचूप काम वाढवते." खडा जरा मोठा फुटला की काकी तो माझ्या अंगावर फेकते.

परवा बत्त्याखालून एक बरोब्बर वजनाचा खडा उडाला. असा सकाळपासून पहिलाच जमला होता, म्हणून आम्ही साती जणी गुडघ्यांवर बसून मांडणीखाली शोधत होतो. तेवढ्यात मालक फोन समोर धरून आत आले. फोनमध्ये ती बाई होती, तिला माल कसा भरतात ते बघायचं होतं. तिला आमच्या सात पाठी दिसल्या.

मालक जरा थांबले. मग म्हणाले, "मॅडम, धिस इज अवर एक्सपोर्ट डिपार्टमेंट."

मला तेवढ्यात खडा सापडला. मी मांडणीखालून डोकं बाहेर काढलं आणि तो फोनसमोर वर धरला. टोपीला जळमटं लागली होती, पण ते मला नंतर कळलं.