सरांचे तीन प्रश्न

आमच्या अर्धापूरच्या शाळेतले एक सर वर्गात छडी नेत नाहीत. एखाद्या पोरानं बाक मोडला तरी त्याला शेजारी बसवून हळूच विचारतात, “तुला काय पाहिजे? त्यासाठी काय करून राहिलास? त्यानं ते मिळून राहिलंय का?” दुसऱ्या दिवशी पोरगं स्वतःच हातोडी मागायला येतं.

स्टाफरूममध्ये या प्रश्नांवर आम्ही बाकीचे शिक्षक लई हसायचो. एकदा मी सरांची नक्कल करत होतो आणि ते दारात उभे होते. डबा घेऊन ते व्हरांड्यात गेले. तेव्हापासून तिथंच एकटे जेवतात.

काल सातवीतली एक भांडखोर पोरगी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“सर, तुम्हाला काय पाहिजे?”

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी स्टाफरूमच्या खिडकीकडे पाहिलं.

मी पटकन डब्यात मान घातली.