चोरांवाचून अडलं

डोंबिवली पूर्वेच्या त्या गल्लीत दारोदारी पोळी-भाजी केंद्रं. पहिलं शुभदाकाकूंचं, बाकीची बघून बघून निघालेली. काकू भारी डोकेबाज. त्यांनी नाचणीची पोळी काढली, की दुसऱ्या दिवशी समोरच्या मायाच्या फळ्यावरही नाचणीची पोळी! त्यांनी केळफूल केलं, की गल्लीभर केळफूल! गुपित टिकणार तरी कसं? पोळ्या लाटणारी शालन सकाळी काकूंकडे, दुपारी मायाकडे.

"मेल्यांना स्वतःची अक्कल म्हणून नाही!" काकू तडकल्या आणि दुकान उचलून थेट कोपरला गेल्या. तिथे आसपास एकही केंद्र नव्हतं.

"आई, नाही चाललं तर ठाण्याला यायचं हं," लेकानं, साकेतनं बजावलं. म्हणजे सत्ताविसाव्या मजल्यावर, सुनेच्या चकचकीत किचनला हात न लावता, दिवसभर टीव्ही बघायचा. काकूंना धडकीच भरली.

कोपरला चोर नव्हते, तसं गिऱ्हाईकही नव्हतं. जुन्या गल्लीत एकीची भाजी संपली तर दुसरीकडे मिळतेच, म्हणून लोक सवयीनं तिकडेच वळायचे. सिलिंडर संपला तर मागायचा कुणाकडे? शालननं तर हातच जोडले, "एका दुकानासाठी एवढ्या लांब नाही परवडत, काकू." काकूंनी नवी भाजी शोधून काढली, ती कुणी चोरली नाही. त्यामुळे बरी झाली की नाही, तेच कळेना.

एक गृहस्थ आले, तेही चौकशीला. "तुम्ही त्या गल्लीतल्या ना? तिथे चालत नव्हतं वाटतं?"

हे मात्र जिव्हारी लागलं. काकू मुकाट्यानं गल्लीत परतल्या. जुना गाळा गेला होता, टोकाचा मिळाला. शटर वर करतायत तोच माया दारात.

"आता काय चोरायला आलीस?"

"रागवा हवं तर," माया रडवेली झाली, "पण तुम्ही गेल्यापासून सगळीकडे नुसता बटाटा चाललाय हो! सकाळी बटाटा, संध्याकाळी बटाटा. लोक कंटाळले, काकू. निम्म्यांनी घरी स्वयंपाक सुरू केलाय!"

डोंबिवलीकर घरी स्वयंपाक करायला लागले? असंच चाललं तर मायाही जाणार, गल्लीही जाणार आणि आपली रवानगी ठाण्याला! काकूंनी पिशवीतून कोवळा फणस काढला आणि विळी मायापुढे सरकवली.

"रडतेस काय, बस. आधी हाताला तेल लाव, चीक फार असतो. आणि नीट बघून घे, मागच्या वेळी तुझं केळफूल कडू झालेलं."