रोशाच्या तेलाची बाटली

काल सुनेनं माझ्या गुडघ्यांसाठी कसलंसं तेल आणलं. झाकण उघडताच रोशा गवताचा गुलाबासारखा, जरासा तिखट वास आला आणि मला औशातलं माझं पहिलं वर्ष आठवलं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण दुष्काळात आमच्या गल्लीला पाणी टँकरचंच. मी नवी सून. हदगावकडच्या माझ्या वडिलांनी माळावरचं रोशा गवत भट्टीवर उकळून, वाफेतून काढलेलं तेल सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दिलं होतं. सासूबाईंनी बाटलीला हातही लावला नाही.

"आधी कागदावर टाक, कसलं तेल हाय ते बघू," म्हणाल्या.

मी थेंब टाकून कागद उन्हात ठेवला. दुपारी पाहिलं तर कोरा.

"तेल गेलं कुठं?" त्या मागं सरकल्या. "करणीचं तर न्हाई?"

"अस्सल हाय म्हणून उडालं. भेसळ असती तर डाग ऱ्हायला असता," मी रडू दाबत म्हणाले.

त्यांना पटलं नाही. करडीच्या तेलात चार थेंब मिसळून मी आधी स्वतःच्या हाताला चोळलं, तेव्हा कुठं त्यांनी डावा गुडघा पुढं केला. उजवा लुगड्याखाली झाकूनच ठेवला. मनाला फार लागलं. आता कळतं, टँकरपर्यंत नेणारा तो एकच त्यातल्या त्यात बरा पाय होता. तो परक्या पोरीच्या हाती कसा द्यावा?

आठवड्यानं सकाळी त्या आपणहून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सूनबाई, आज उजवा बी चोळ," म्हणाल्या.