दोन सशांच्या मध्ये मारोतराव

सहनशीलतेची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. तिच्याहून दुष्कर असा एक गुण आहे आणि त्याला आपल्या संपन्न भाषेतही पुरेसे नाव सापडत नाही. दोघे परस्परांच्या जिवावर उठले असता कोणाचाही पक्ष न घेता मधोमध उभे राहणे, हा तो गुण. सहनशील मनुष्य स्वतःवर आलेला आघात सोसतो. हा मनुष्य दुसऱ्यासाठी निघालेला आघात वाटेत अडवतो. असे करणाऱ्यास स्वतःचा देह अक्षत राखता येत नाही, हे तो आधीपासून जाणून असतो.

भिलाईच्या रुआबांधा वस्तीत राहणारे मारोतराव कापगते यांच्या ठायी हा गुण होता. साकोलीकडचे हे शेतकरी कुळ. मारोतराव तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात लागले. कोळशाच्या वायूतून अमोनिया वेगळा काढून त्याचे खत करणाऱ्या विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली, आणि निवृत्तीनंतर कारखान्याने दिलेले सेक्टर दोनचे क्वार्टर सोडून ते रुआबांध्यात स्वतःच्या घरी आले. पत्नी पूर्वीच गेली होती. घरात मुलगा भूपेंद्र, सून रेणू आणि बारा वर्षांची नात उन्नती. भूपेंद्र एका खाजगी मिलमध्ये कामाला होता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर नव्हे, हातात असे.

उन्नतीच्या वाढदिवसाला सिविक सेंटरच्या बाजाराबाहेर एका विक्रेत्याकडून सशांची जोडी आणली गेली. नर-मादी आहेत असे त्याने शपथेवर सांगितले, म्हणून नावे पडली राजा आणि रानी. पाचव्या महिन्यात रानीच्या मागच्या पायांमध्ये जे दिसू लागले त्यावरून तीही राजाच असल्याचे सिद्ध झाले, नाव मात्र रानीच राहिले.

त्या दिवसापासून घराची रणभूमी झाली. वयात आलेला नर ससा आपल्या राज्याची सीमा मूत्राने आखतो. तो धावता धावता वळतो आणि हातभर उंच धार मारतो. भिंती, पलंग, देवाचा फोटो, भूपेंद्रचे बूट, काहीही सुटले नाही. एकाने आखलेली सीमा दुसरा लगेच पुसून नवी आखी, आणि मग युद्ध जुंपे. सशाला आपण भित्रेपणाचे प्रतीक मानले आहे. ज्याने दोन नरांची झुंज पाहिली आहे त्याने ते प्रतीक टाकून द्यावे. ते आवाज न करता लढतात. एकमेकांभोवती चक्रासारखे फिरतात, पोटाखाली शिरून वृषणांचा चावा घेतात, मागच्या नखांनी कातडी कागदासारखी फाडतात.

एका सकाळी राजाने रानीचा कान धरला आणि सोडला नाही. उन्नती किंचाळू लागली. मारोतरावांनी उजवा हात सरळ त्या दोघांच्या मध्ये घातला. राजाचे दात त्यांच्या करंगळीच्या मुळाशी हाडापर्यंत रुतले, रानीच्या नखांनी मनगट उभे चिरले. हात त्यांनी मागे घेतला नाही. दोन्ही ससे दमून वेगळे झाले तेव्हा फरशीवर अर्धा कान पडला होता, आणि रक्त कोणाचे किती हे सांगता येत नव्हते.

भूपेंद्र रात्रपाळीहून परतला तो थेट त्या रक्तात उभा राहिला.

"बाबा, मी सांगून राहिलो, आयतवारी दोघायची मान मुरगाळतो. मटन खाऊ अन् मोकळे होऊ!"

"पोरीसमोर असं बोलते का बे?"

"मंग कसं बोलू? घर आहे का मुतारी? मोहल्ल्यातले लोक नाक दाबून जाऊन राहिले. तुमालेच कावून वास येत नाही?"

 मारोतरावांना खरोखरच वास येत नव्हता.

कान शिवण्यासाठी शेजारच्या सुगत रामटेके यांची कन्या, पशुवैद्य रीना, घरी आली. उंबऱ्यात पाऊल टाकताच उग्र वासाने तिचे डोळे पाणावले.

"काकाजी, हे पुसता कशानं?"

मारोतरावांनी अभिमानाने कोपऱ्यातली बाटली दाखवली. "अमोनियाचं पानी. दिवसातून तीनदा घासतो. चौतीस वर्ष वापरलं मी. कसाबी चिकटा निघते."

रीनाने बाटलीचे बूच उघडून लगेच लावले. "अन् तुमाले वास?"

"तो तर रिटायर होयाच्या आधीच गेला पोरी. आमच्या डिपार्टमेंटमधी कोनालेच नव्हता."

"मैने बोला था ना आजोबा," उन्नती म्हणाली, "पोछे के बाद और बदबू आती है. आप बोले, तुझं नाक नखरेवालं आहे."

"काकाजी, मूत सडलं का अमोनियाच होते," रीना हळू म्हणाली. "सशायले वाटलं, घरात तिसरा कोनी दांडगा नर शिरला, अन् दिवसातून तीनदा समदीकडं मुतून राहिला. तुमी त्यायची भांडनं नाही पुसली. लावली."

ज्या द्रव्यावर एका मनुष्याने आयुष्यभर विश्वास ठेवला, तेच त्याच्या हातून घरात विष पेरत होते. मारोतरावांनी पट्टी बांधलेल्या हाताने ती बाटली उचलून मोरीत रिकामी केली. मग म्हणाले, "उपाय सांग."

उपाय साधा होता, पण वेळखाऊ होता. दोघांचे वृषण काढायचे. पिंजरे वेगळे करायचे. फरशी पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसायची. दोघांच्याही पिंजऱ्यात गवत घातलेले एकेक पसरट तसराळे ठेवायचे आणि त्यात त्यांच्याच मुताने भिजलेले थोडे गवत टाकायचे, म्हणजे ते तिथेच मुतायला शिकतात. शस्त्रक्रियेनंतरही रक्तातला जोर ओसरायला सहा आठवडे लागतात, तोवर धारा चालूच राहणार.

"सहा हप्ते?" भूपेंद्र हसला. "मी सहा दिवस देतो."

शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर मारोतरावांनी जुन्या पेटीतून लाल पत्र्याचे दोन टॅग काढले, त्यांवर खडूने स्वतःचे नाव लिहिले आणि दोन्ही पिंजऱ्यांच्या कड्यांना तारेने बांधले. कारखान्यात यंत्राच्या पोटात शिरण्यापूर्वी कामगार असा टॅग बटणावर टांगतो. ज्याने टांगला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने, मग तो साहेब असो, त्याला हात लावायचा नाही, कारण त्या टॅगपलीकडे कोणाचा तरी जीव असतो.

पाचव्या दिवशी राजाची धार भूपेंद्रच्या इस्त्री केलेल्या वर्दीवर गेली.

 तो अंगणातली लोखंडी सळई घेऊन आत आला. रेणूने दंड धरला, तिला त्याने भिंतीवर ढकलले. सळई वर गेली आणि खाली आली. पिंजरा आणि सळई यांच्यामध्ये मारोतरावांचा डावा हात होता. मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

मारोतराव गुडघ्यांवर बसले, पण बाजूला झाले नाहीत. भूपेंद्रचा हात पुन्हा वर गेला.

"हट जा बाबा! हट!"

"मार. पन आधी वाच, काय लटकून आहे ते."

भूपेंद्रची दृष्टी टॅगवर गेली. आदल्या वर्षी त्याच्या मिलमध्ये देवानंद नावाच्या सोबत्याचा टॅग कोणी घाईने काढला होता. चालू झालेल्या यंत्राच्या पट्ट्याने देवानंदचा हात खांद्यातून ओढून नेला. तो हात पोत्यात गुंडाळून दवाखान्यात नेणारा भूपेंद्रच होता.

"टॅग माह्या नावाचा आहे," मारोतराव म्हणाले. वेदनेने त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मी काढीन तवा मार. मी सहा हप्ते काढत नाही."

सळई भूपेंद्रच्या हातून सुटली. तो भिंतीला डोके टेकून रडला. मग त्याने बापाला उचलले, मोटरसायकलवर मागे बसवले आणि दवाखान्यात नेले. वाटेत फक्त एकदा म्हणाला, "बाबा, लय दुखून राहिलं का?"

"गाडी सामने पाहून चालव."

धारा चौथ्या आठवड्यात उणावल्या आणि सहाव्यात थांबल्या. मग सुगतरावांच्या गच्चीवर, जिथे दोघांपैकी कोणाचेही राज्य नव्हते, ससे समोरासमोर सोडले गेले. पहिल्या दिवशी राजा रानीच्या मानेवर झेपावला आणि मूठभर केस उपटून निघाले. भूपेंद्रने रीनाने दिलेली जाड चादर मध्ये टाकली. मारोतरावांचा प्लास्टरमधला हात तेव्हा पुढे आलाच होता. अकराव्या दिवशी रानीने मान खाली घातली आणि राजाने तिचे कपाळ चाटले. मारोतरावांनी घरी येऊन दोन्ही टॅग स्वतः सोडले.

पुढच्या हिवाळ्यात हृदयविकाराने ते गेले. मोडलेले डावे मनगट शेवटपर्यंत वाकडेच राहिले.

दोन ससे आज एका पिंजऱ्यात राहतात. एकाला दीड कान आहे. त्यांच्या तसराळ्यातले गवत रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी भूपेंद्र बदलतो.